व्हेल पासचा बर्फ: स्नोमोबिलच्या वाटा आणि वाटेवरचे उतार

हिमवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डिसेंबर लागला की मला दोन-तीन तरी फोन येतातच. "सुट्टीत डेन्व्हरला येतोय, मुलांना स्नोमोबिलवर बसायचंय, कुठे जाऊ?" दरवेळी तासभर बोलतो आणि तरी निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून या वर्षी एकदा नीट लिहून काढतोय. गेली चौदा वर्षं मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ राहतो. यातल्या बहुतेक हिवाळ्यांत महिन्यातून एकदा तरी व्हेल पासला गेलोय, कधी स्की घेऊन, कधी स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरसायकलसारख्या यंत्रावर. या जागेवर माझा फार जीव आहे, त्यामुळे लांबलचक होईल. सांभाळून घ्या.

व्हेल पास म्हणजे डेन्व्हरच्या पश्चिमेला साधारण नव्वद मैलांवरची खिंड, महामार्ग ७० वर. उंची १०,६६२ फूट, म्हणजे ३,२५० मीटर. आपल्या मापात सांगायचं तर डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसलंय, आणि ही खिंड त्याच्या दुप्पट उंच. १९० नंबरच्या एक्झिटला उतरलं की लगेच वाहनतळ. तिथून पुढे पसरलेलं सगळं रान व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनक्षेत्रात येतं आणि त्यातला सुमारे ५५,००० एकरांचा तुकडा हिवाळी खेळांसाठी राखलेला आहे.

या तुकड्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे एकाच बर्फावर दोन प्रकारची माणसं येतात. एक स्की किंवा स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) बांधून पायी चढणारी, शांतता शोधत आलेली. दुसरी स्नोमोबिलवाली. नव्वदच्या दशकात या दोघांत चांगलीच जुंपली होती. पायी चार तास चढून वर पोचावं, तर समोरचा कोरा उतार यंत्राच्या पट्ट्यांनी नांगरून ठेवलेला आणि हवेत जळक्या तेलाचा वास. स्नोमोबिलवाल्यांचंही म्हणणं होतं की जंगल सरकारी आहे, आमचाही हक्क तेवढाच. शेवटी दोन्ही बाजूंची माणसं आणि वनखातं एका टेबलाशी बसले आणि नकाशावर वाटण्या झाल्या. काही भाग फक्त पायी आणि स्कीवाल्यांचे, काही उघडे उतार यंत्रांना मोकळे, काही वाटा दोघांच्या. हिवाळ्यात इथे यायला माणशी शुल्क भरावं लागतं. त्या पैशातून वाटा दाबून सपाट करणं, खुणेचे खांब रोवणं, गस्त घालणं अशी कामं चालतात. मी दरवर्षी हंगामाचा पास आनंदाने घेतो.

तिसरी एक जातही इथे तयार झालीय. स्नोमोबिलने सामायिक वाटेवरून वर जायचं, यंत्र ठरलेल्या जागी उभं करायचं आणि खाली उतरताना स्कीवर यायचं. याला इथले लोक हायब्रिड म्हणतात. दोन मित्र असतील तर एक जण यंत्र खाली आणतो, दुसरा स्की करतो, मग अदलाबदल.

नवख्यांसाठी सगळ्यात सुंदर वाट श्राइन पासची. वाहनतळावरून निघालं की दोन-अडीच मैलांत ११,०८९ फुटांवरचा श्राइन पास येतो आणि पुढे तीच वाट रेड क्लिफ नावाच्या छोट्या गावात उतरते, एकूण अकरा मैलांच्या आसपास. उन्हाळ्यात हा मोटारींचा कच्चा रस्ता असतो. हिवाळ्यात त्यावर ग्रूमर, म्हणजे वाट सपाट करणारं यंत्र, फिरतो आणि बर्फ दाबून गालिचासारखा पसरतो. हवा स्वच्छ असेल तर श्राइन पासच्या पुढे नैऋत्येला माउंट ऑफ द होली क्रॉस दिसतो. त्या डोंगराच्या कड्यात दोन भेगा आहेत, एक उभी आणि एक आडवी. त्यांत बर्फ साठला की काळ्या दगडावर पांढरा क्रूस उमटतो. विल्यम हेन्री जॅक्सन या छायाचित्रकाराने १८७३ मध्ये त्याचा फोटो काढला आणि सगळी अमेरिका तो बघायला धडपडू लागली. या खिंडीला देवस्थानाचं नाव मिळालं ते त्या दर्शनामुळे.

आता यंत्राबद्दल. स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी बैठक. उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटलची पट्टी, डाव्या हाताला ब्रेक. एक दोरी तुमच्या जाकिटाला अडकवलेली असते, तुम्ही पडलात की ती निसटते आणि इंजिन बंद पडतं. ती दोरी अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पट्ट्यावर रबराचे दाते असतात. दाबलेल्या वाटेवर चालणाऱ्या यंत्रांचे दाते सव्वा इंचाच्या आसपास, खोल भुसभुशीत बर्फात जाणाऱ्यांचे अडीच-तीन इंच. भाड्याने घेताना हे विचारा, कारण वाटेचं यंत्र घेऊन खोल बर्फात शिरलात तर ते हमखास रुतणार.

उंचीमुळे इंजिनालाही धाप लागते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी होते, म्हणजे अकरा हजार फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश गेली. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक यंत्रांचं इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं. एप्रिलमध्ये सकाळी वाट काचेसारखी कडक झालेली असते, बर्फ उडत नाही आणि तापमानाचा दिवा लागतो. अशा वेळी कडेच्या मऊ बर्फावरून थोडं चालवावं.

आत्ता एवढंच. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

---

कातळकडा

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

पण मनापासून एक विचारतो. मी पुण्याचा, गेली वीस वर्षं सह्याद्रीत भटकतोय. डोंगरात जायचं ते त्याचं ऐकायला. राजगडावर कुणी स्पीकर लावला तर आपलं डोकं फिरतं. मग बर्फाच्या इतक्या शांत मुलखात पेट्रोलचं यंत्र घेऊन जायचं हे मनाला पटत नाही. तुम्ही दोन्ही करता म्हणून तुम्हालाच विचारतोय.

---

हिमवाट

प्रश्न योग्य आहे. मी स्कीवर असतो तेव्हा मलाही तो आवाज नको असतो, म्हणून तर ही वाटणी मला मोलाची वाटते. यंत्राच्या वाटेवर यंत्र, पायवाटेवर पाय. पण यंत्राला सरसकट नाव ठेवताना ते कशातून जन्मलं ते पण बघावं.

जोझेफ-आर्मां बोंबार्दिए हा क्यूबेकमधल्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात न्यायला काही साधन नाही. बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या खटपटीत तो आधीपासून होताच, पण त्यानंतर त्याने ते काम तडीला नेलं. १९३७ मध्ये त्याच्या पट्ट्याच्या रचनेला पेटंट मिळालं आणि अनेक माणसं बसतील अशा बर्फगाड्या धावू लागल्या. डॉक्टर, टपालवाले, शाळेची मुलं त्यातून जात. एक-दोन माणसांची छोटी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. आजही व्हेल पासला कुणाचा पाय मोडला तर त्याला खाली आणायला येतात ते स्नोमोबिलवरूनच.

रानातल्या प्राण्यांचा मुद्दा मात्र मला जास्त बोचतो. या खिंडीच्या परिसरातून लिंक्स, म्हणजे एक प्रकारची मोठी रानमांजरं, ये-जा करतात. कोलोरॅडोतून हे जनावर नाहीसं झालं होतं, १९९९ पासून कॅनडा-अलास्कातून आणून पुन्हा सोडलं. त्याचे पंजे थाळीएवढे पसरट, त्यामुळे मऊ बर्फात त्याचं फावतं. बर्फ दाबला गेला की लांडग्याच्या जातीतले कायोटी त्या वाटेने आत शिरू शकतात. म्हणून नकाशावर जिथे यंत्राला बंदी आहे तिथे पाच मिनिटांसाठीसुद्धा जाऊ नये असं मला फार वाटतं.

---

मोगरा

ताई-दादांनो, आमचं फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला जायचं ठरतंय. डॅलसहून येणार. आम्ही दोघं, मुलं आठ आणि अकरा वर्षांची, शिवाय सासूबाई-सासरे (६८ आणि ७२). कुणी बर्फात आधी गेलेलं नाही. सासऱ्यांना गुलमर्गला स्नो-स्कूटरवर बसवलं होतं, तेवढाच काय तो अनुभव. जमेल का? काय तयारी करू?

---

हिमवाट

नक्की जमेल, फक्त घाई करू नका.

पहिलं उंचीचं बघा. डॅलस समुद्रसपाटीपासून पाचशे फुटांच्या आत-बाहेर. तिथून विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी अकरा हजार फुटांवर गेलात तर डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं हे होतंच. निदान एक रात्र, जमल्यास दोन रात्री डेन्व्हरला काढा. पाणी भरपूर प्या. सासू-सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वर गेल्यावर कुणाचं डोकं ठणकायला लागलं, चालताना तोल जायला लागला तर थांबून बघत बसू नका, खाली उतरा. उतरणं हेच औषध.

गाडी: सप्टेंबर ते मे या काळात महामार्ग ७० च्या डोंगरातल्या पट्ट्यात टायरचा नियम लागू असतो. भाड्याची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या आणि टायरची नक्षी झिजलेली नाही ना हे ताब्यात घेतानाच बघा. रविवारी दुपारनंतर डेन्व्हरकडे परतणारी गर्दी आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे मैलोन् मैल तुंबते. शक्य असेल तर सोमवारी सकाळी परता.

स्वतः यंत्र भाड्याने घेऊन मोकळं फिरण्याऐवजी वाटाड्यासोबतची दोन तासांची फेरी घ्या. मुलं मोठ्यांच्या मागे बसतील. मागे बसणाऱ्याला थंडी जास्त लागते कारण त्याला हालचाल नसते. मुलांच्या पायात दोन-दोन मोजे कोंबू नका, बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. एकच जाड लोकरी मोजा, बुटात बोटं हलतील एवढी जागा. सुती कपडे अंगाला लागून अजिबात नकोत.

खाण्याचं सांगतो. पोळीचा रोल बाहेरच्या खिशात ठेवलात तर तासाभरात लाकूड होतो. आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. गुळपोळी आणि तिळाचे मऊ लाडू थंडीत उत्तम. थर्मासमध्ये आल्याचा चहा.

सासूबाईंना यंत्रावर बसायचं नसेल तर त्यांनी वाहनतळाजवळच्या सपाटीवर स्नोशू घालून अर्धा तास चालावं. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी चाललं होतं. हातात काठ्या घेऊन ती दहा पावलं जायची, थांबायची, झाडावरचा बर्फ बोटाने पाडायची. मी तिला दुसरीकडे कुठेच इतकी गप्प झालेली पाहिली नाही.

---

कातळकडा

बोंबार्दिएची गोष्ट माहीत नव्हती. तिच्यामुळे मत थोडं मऊ झालं, हे मान्य करतो.

शीर्षकात "वाटेवरचे उतार" म्हटलंय, त्याबद्दल लिहिलंच नाहीत.

---

हिमवाट

तेच लिहायला बसलोय. खरं तर धागा काढला तो याच्यासाठीच.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चार मित्र, सगळे मराठी. एका दुकानातून यंत्रं भाड्याने घेतली. त्यांनी थ्रॉटल, ब्रेक, दोरी दाखवली, कागदावर सह्या घेतल्या, नकाशा हातात दिला. हिमस्खलनाबद्दल एक शब्द नाही. आणि आम्हीही विचारलं नाही, ही आमची चूक.

सकाळी वाटेवरून मजेत फिरलो. दुपारी एका उघड्या उतारापाशी आलो. पाच-सहा जण आळीपाळीने यंत्र भरधाव वर नेत होते, वेग संपला की वळून खाली. कोण जास्त उंच खूण काढतो याची चढाओढ. आमच्यातला एक जण म्हणाला, मी पण जातो. गेला. तीन-चतुर्थांश उतार चढला आणि यंत्र रुतलं. खालून दिसत होतं, तो उतरून बर्फ तुडवत होता, यंत्राचं नाक वर, मागचा पट्टा खड्ड्यात.

मी काय केलं असेल? जे आपल्यापैकी कुणीही करेल तेच. यंत्र सुरू केलं आणि त्याला मदत करायला वर निघालो. दुसरा मित्रही माझ्यामागे निघाला.

त्या पाच-सहा जणांतली एक बाई, पन्नाशीची असेल, सरळ माझ्या यंत्रापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हात आडवे. हेल्मेटच्या आतून ओरडत होती, मला काही ऐकू येईना. इंजिन बंद केलं तेव्हा कळलं. "वर जाऊ नकोस. एका वेळी एकच. तो एकटाच राहू दे. तुम्ही सगळे तिकडे झाडांपाशी जा आणि त्याच्यावरची नजर हटवू नका."

मला राग आला होता. मित्र वर अडकलाय आणि ही म्हणते झाडाखाली उभं राहा. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं, आम्ही ऐकलं. मित्राने वीस-पंचवीस मिनिटं हातांनी बर्फ उपसला, यंत्र उताराच्या दिशेला आडवं लोळवलं आणि खाली आला. काही झालं नाही. डोंगर हलला नाही.

मग तिने आम्हाला बाजूला नेलं आणि तिच्या फावड्याने झाडांजवळच्या उतारावर एक खड्डा खणला, साधारण छातीइतका. खड्ड्याची भिंत सपाट कापली. वरचा अडीच-तीन फूट बर्फ पनीरसारखा घट्ट. त्याखाली, अगदी जमिनीलगत, हातभर जाडीचा थर वेगळाच. तिने मला हातमोजा काढून त्यात बोटं घालायला लावली. साबुदाणा. अगदी कोरडा साबुदाणा हातात घ्यावा तसा, एकही दाणा दुसऱ्याला चिकटलेला नाही, बोटांमधून घळाघळा खाली. ती म्हणाली, तुझा मित्र आत्ता यावर उभा होता.

तो स्पर्श मी अजून विसरलेलो नाही.

---

दवबिंदू

हिमवाट, अंगावर काटा आला. मी बोल्डरला असते, बॅककंट्री स्की (रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरात) करते आणि हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स केलाय, म्हणून भर घालते.

तो साबुदाण्याचा थर कोलोरॅडोची खासियत आहे. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडासा बर्फ पडतो आणि मग बरेच दिवस आकाश निरभ्र, कडाक्याची थंडी. जमीन त्यामानाने उबदार, वरची हवा गोठलेली, मध्ये हा पातळ थर. जमिनीकडची वाफ त्यातून वर जात राहते आणि बर्फाचे कण बदलून मोठे, कोनदार, सुटे होतात. डिसेंबर-जानेवारीत त्यावर फूट-फूट बर्फ येऊन बसतो. म्हणजे खाली रवा आणि वर काँक्रीटची लादी. एका माणसाच्या वजनाने रव्याचा थर एका जागी बसला की ती मोड क्षणात सगळ्या उतारभर पसरते आणि लादीच्या लादी सुटते. त्यामुळे उतारावर आधी दहा खुणा असल्या तरी तो सुरक्षित आहे असं ठरत नाही. अकराव्याला लादीची पातळ जागा सापडू शकते.

कोन लक्षात ठेवा: ३० ते ४५ अंश. घराच्या जिन्याचा चढ साधारण ३० ते ३५ असतो, त्यावरून डोळ्याला अंदाज येईल. सपाट वाटेवर आहात म्हणून निर्धास्त राहू नका. वाटेच्या वर असा उतार असेल तर तो तुटून वाटेवर येतो. कित्येकदा तर खालच्या सपाटीवर उभं राहूनही वरचा उतार सुटू शकतो.

---

कातळकडा

थांबा, मला इथे अडतंय. सह्याद्रीत आमचा पहिला नियम, कुणालाही मागे सोडायचं नाही. कोकणकड्याच्या बाजूला एक जण घसरला होता तेव्हा आम्ही पाच जण त्याच्याकडे उतरलो, म्हणून तो आज आहे. मित्र वर अडकलेला असताना झाडाखाली उभं राहायचं हे माझ्याच्याने होणार नाही. चूक असेल तर समजावून सांगा, पण प्रामाणिकपणे सांगतो, होणार नाही.

---

दवबिंदू

कातळकडा दादा, तुमची भावना अगदी खरी आहे, आणि म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं.

कातळ तुमच्या वजनाने सुटत नाही. हा उतार सुटतो. वर एक माणूस आणि अडीचशे किलोचं यंत्र आधीच आहे. तुम्ही दुसरं यंत्र नेलंत की भार दुप्पट, तोही इंजिनाच्या हिसक्यांसकट. समजा उतार सुटला. आता दोघंही बर्फाखाली. खणणार कोण?

सगळा हिशेब मिनिटांचा आहे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास झाला की तिघांतला जेमतेम एक. मदतपथक खालून येईपर्यंत हा वेळ कधीच निघून गेलेला असतो. म्हणजे त्याला वाचवू शकणारी माणसं जगात फक्त तीच, जी त्या क्षणी झाडांपाशी धडधाकट उभी आहेत आणि ज्यांनी तो शेवटचा कुठे दिसला ते पाहिलंय.

त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर तीन वस्तू हव्यात. बीकन, म्हणजे छोटं रेडिओ यंत्र, जाकिटाच्या आत छातीशी बांधायचं. ते सतत संकेत पाठवत असतं, शोधताना बटण फिरवून ते संकेत घ्यायचे. मग जोडकाठी, ज्याला प्रोब म्हणतात, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आणि किती खोल ते कळतं. आणि धातूचं फावडं. पडलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, हातांनी उकरता येत नाही. फावडं आणि प्रोब पाठीवरच्या पिशवीत ठेवा, यंत्राच्या डिकीत नको. यंत्र गाडलं गेलं तर फावडंही गेलं. मोबाइल बीकनपासून वीतभर तरी लांब, शोधताना हातभर, नाहीतर संकेतात गोंधळ होतो.

---

कातळकडा

दोनदा वाचलं. "खणणार कोण" हे डोक्यात बसलं.

म्हणजे झाडाखाली उभं राहणं हीच तिथली मदत. पटलं. आमच्या ग्रुपवर हा प्रतिसाद टाकू का? जानेवारीत चौघं जण हिमाचलला चाललेत, तिकडेही हेच लागू होईल ना?

---

दवबिंदू

जरूर टाका. कोन, वजन आणि मिनिटं सगळीकडे तीच. थरांचा स्वभाव मात्र जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे तिथल्या स्थानिकांना विचारल्याशिवाय उतारावर पाय ठेवू नका म्हणावं.

---

तुतारी

हा धागा रात्री जागून वाचला. थोडं वेगळं लिहितो.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. गेल्या वर्षी मुलीकडे कोलोरॅडोला आलो तेव्हा जावयाने कॅम्प हेल दाखवलं. व्हेल पासच्या दक्षिणेला, याच वाटांच्या पलीकडच्या टोकाला, ९,२०० फुटांवर सपाट खोरं. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने तिथे तळ उभारला आणि दहाव्या माउंटन डिव्हिजनला बर्फात लढायचं, स्कीवर चालायचं, उघड्यावर झोपायचं शिकवलं. १९४५ च्या फेब्रुवारीत हीच माणसं इटलीत रात्रीच्या अंधारात रिव्हा रिजचा कडा चढून गेली.

आणि त्याच एप्रिलमध्ये, त्याच शेवटच्या मोठ्या चढाईत, थोडं पूर्वेला सेनिओ नदीवर आपली मराठ्यांची पलटण होती. ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून नदीपार आणलं आणि मग एकट्याने शत्रूच्या मशिनगनची ठाणी उडवली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आधीच्या जुलैत वरच्या टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण दिले, त्यांनाही तो मरणोत्तर मिळाला.

त्या खोऱ्यात आता बराकींचे चौथरे तेवढे उरलेत. मी एका चौथऱ्यावर बसलो होतो. इथून गेलेली पोरं आणि आमच्या गावाकडून गेलेली पोरं एकाच युद्धाच्या एकाच शेवटाला होती, हे माझ्या मनात तिथे आलं. आजोबांना ही जागा दाखवता आली असती तर.

---

हिमवाट

तुतारी काका, दंडवत. इतकी वर्षं त्या वाटेने जातोय, हे माहीत नव्हतं.

युद्धानंतर या डिव्हिजनची कितीतरी माणसं परत याच डोंगरांत आली. पीट साइबर्ट त्यातलाच, इटलीत जबर जखमी झालेला. त्याने पुढे १९६२ मध्ये व्हेलचं स्की रिसॉर्ट सुरू केलं, आणि तिथल्या एका लांबलचक उताराचं नाव आजही रिव्हा रिज आहे. १९८० च्या दशकापासून डोंगरात जी मुक्कामाची लाकडी घरं उभी राहिली ती साखळीही दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या नावाने ओळखली जाते. श्राइन पासजवळच त्यातलं एक मुक्कामाचं ठिकाण आहे. २०२२ मध्ये कॅम्प हेलचा परिसर राष्ट्रीय स्मारक झाला.

---

मोगरा

आम्ही जाऊन आलो! सांगितल्याप्रमाणे दोन रात्री डेन्व्हरला काढल्या. तरी धाकट्याचं डोकं दुखलंच, पण पाणी पाजलं, थोडं झोपवलं, उतरलं.

सकाळी हिमस्खलनाचं सरकारी भाकीत उघडलं. धोक्याची पातळी पाचपैकी तीन होती. दवबिंदू ताईंचं वाचलं नसतं तर "मधलंच आहे, चालेल" म्हणून सोडून दिलं असतं. वाटाड्याला पहिलाच प्रश्न मी विचारला, वाटेच्या वर तीस अंशांचा उतार कुठे कुठे येतो? तो माझ्याकडे बघतच राहिला, मग नकाशा काढून बोटाने दाखवलं आणि त्या बाजूला आज जाणारच नाही म्हणाला. आम्ही श्राइन पासपर्यंत जाऊन परत आलो. होली क्रॉस दिसला नाही, ढग होते.

सासरे स्वतः चालवायचं म्हणून हटून बसले होते. सपाटीवर पंधरा मिनिटं चालवलं. वाटेत स्कीवर चढणारे दोघं दिसले तेव्हा त्यांनी वेग कमी करून हात वर केला. वाटाड्याने शिकवलं होतं, मागून आणखी किती यंत्रं येतायत ते बोटांनी दाखवायचं आणि आपण शेवटचे असलो तर मूठ. आम्ही शेवटचे होतो. सासऱ्यांनी मूठ दाखवली, स्कीवाल्या मुलीने काठी उंचावून उत्तर दिलं. घरी आल्यापासून ती मूठ ते सगळ्यांना करून दाखवतायत.

सासूबाई स्नोशूवर वीस मिनिटं चालल्या. गुळपोळी आतल्या खिशात मऊ राहिली.

---

दवबिंदू

मोगरा, फार छान वाटलं वाचून. तीनबद्दल इथेच लिहून ठेवते, इतरांना उपयोगी पडेल. पाचपैकी तीनच्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं दगावतात. चार-पाचच्या दिवशी लोक घाबरून घरी बसतात, तीनला हवा छान असते, बर्फ ताजा असतो आणि माणूस उतारावर जातो. कोलोरॅडोचं हिमस्खलन माहिती केंद्र हे भाकीत रोज देतं, फुकट. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, आदल्या रात्रीचं धरू नका.

---

कातळकडा

हिमाचलला जाणाऱ्या चौघांनी तीन बीकन भाड्याने मिळवलीत. चौथं मिळत नाहीये. कुणाकडे असेल तर सांगा, जाण्यायेण्याचा खर्च मी देतो.

---

हिमवाट

माझ्याकडे जास्तीचं एक आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. व्यक्तिगत निरोप करा. बॅटऱ्या अल्कलाइनच घाला, आणि निघायच्या आधी चौघांनी एखाद्या मैदानावर ते लपवून शोधायचा सराव करा, दहा मिनिटांच्या आत सापडेपर्यंत.